पाचशेवर काढलेला पूल

पलटणीत त्याला सगळे फोकस म्हणत. हुद्दा हवालदाराचा, काम स्टोअरचं. ब्लँकेटं, बूट, बादल्या, तंबूच्या खुंट्या मोजून घ्यायच्या आणि सही घेऊन द्यायच्या. बावीस वर्षं त्याने हेच केलं. बंदूक हातात यायची ती सरावापुरती. तेव्हाही तो आधी चौकट बघतो आणि मग नेम धरतो, असं त्याचा दोस्त, रेशनच्या ट्रकचा ड्रायव्हर, सांगत असे. ड्रायव्हरच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं लागे. पण हे खरं होतं.

त्याला फोटोग्राफर व्हायचं होतं. शाळा सुटली की तो गावातल्या एकुलत्या एका स्टुडिओच्या बाकावर जाऊन बसायचा. स्टुडिओवाले काका गिऱ्हाइकाची हनुवटी दोन बोटांनी वर करायचे, मागे सरायचे आणि म्हणायचे, "हलू नका." बाकावर तोही हलायचा नाही. पुढे वडील अंथरुणाला खिळले. घरात मिळवतं कोणी नव्हतं. तो भरतीच्या रांगेत जाऊन उभा राहिला, आणि फोटोग्राफी राहिली ती राहिलीच.

चव्वेचाळिसाव्या वर्षी पलटणीला परदेशी जायचा हुकूम आला. लांबच्या एका देशात दोन गटांची मारामारी नुकतीच थांबली होती. ती पुन्हा सुरू होऊ नये म्हणून तेरा महिने मधोमध उभं राहायचं होतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती.

"नाही म्हणता येत नाही का?" बायकोने विचारलं.

"येतं की. त्याचा वेगळा फॉर्म असतो. तो अजून छापलेला नाही."

ती हसली नाही. तो मात्र खुशीत होता. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला फुकटात जग दाखवायला नेत होतं.

निघायच्या आदल्या आठवड्यात काकांनी कपाटातून एक कॅमेरा काढला. काळा, जड, कोपऱ्यांवर पितळ दिसायला लागलेला.

"हा ने," काका म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्याकडे आहे. एकदाही दगा दिला नाही."

"तुमच्या हातातला कॅमेरा, काका."

"हाताला आता कंप सुटलाय. डोळ्यांचं तर विचारूच नकोस. ने. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेव. याची बघायची खिडकी वेगळी आणि लेन्स वेगळी. लेन्सवर झाकण राहिलं तरी खिडकीतून सगळं छान दिसतं. भलेभले फसलेत."

"मी काय लहान आहे?"

"आणि उन्हात पाचशे. पाचशेच्या खाली उतरायचं नाही. घरात तीस. एवढे दोन आकडे पाठ कर."

पाचशे म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. उन्हात उजेड इतका असतो की कॅमेऱ्याचा पडदा तेवढाच वेळ उघडलेला पुरतो. घरात उजेड कमी, म्हणून सेकंदाचा तिसावा भाग. आकडे त्याला आधीपासून पाठ होते. तरी त्याने मान डोलावली. स्टुडिओतल्या दिव्यांखाली दोघांनी एक रोल तपासणीसाठी काढला. बायको, मुलगी, स्वतः काका, भिंतीवरचं घड्याळ. सगळे फोटो लख्ख आले. त्याने चौदा कोरे रोल मोज्यांत गुंडाळून ट्रंकेत भरले आणि तो गेला.

*

तिकडे पलटण एका बंद पडलेल्या कापड गिरणीत उतरली. यंत्रं कोणीतरी नेलेली, जमिनीवर नुसते बोल्ट उरलेले. बोल्टांच्या मध्ये खाटा. फोकसने पहिल्याच आठवड्यात मोठ्या साहेबांकडे अर्ज केला आणि फोटो काढायची लेखी परवानगी मिळवली. चौक्या, हत्यारं आणि गाड्यांचे नंबर सोडून काहीही. तो कागद घडी करून त्याने खिशात ठेवला. घरी याबद्दल काही लिहिलं नाही. परवानगी मिळाली, यात लिहिण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं.

दर गुरुवारी रेशनचा ट्रक चौक्यांवर जायचा. स्टोअरचा माणूस म्हणून फोकस बरोबर असायचा. जाऊन येऊन दोनशे किलोमीटर. पुढे ड्रायव्हर, शेजारी तो, गळ्यात कॅमेरा.

काय काय दिसायचं. मीठ वाहणारी गाढवं. छप्पर उडालेल्या शाळेत फळ्यासमोर बसलेली मुलं. दोरीवर वाळणारी चामडी. एका गावात सगळी दारं निळी, आणि का निळी ते गावात कोणालाच सांगता येईना. आणि पूल. दगडी, एकाच कमानीचा. एका बाजूचा कठडा मारामारीत उडालेला. सकाळी आठच्या सुमाराला त्यावरून शेळ्या जायच्या, आणि कठडा नसलेल्या बाजूने एकही शेळी चालायची नाही. त्या सगळ्या उरलेल्या कठड्याला अंग घासत एका रांगेत जायच्या. ते बघून त्याने ट्रक थांबवायला लावला.

"शेळ्यांसाठी?" ड्रायव्हर म्हणाला.

"थांबव रे बाबा."

तो उतरला. खाली वाकला, दोन पावलं मागे सरला, पुन्हा वाकला. पाचशे. उजेड, शेळ्या, कमानीखालचं पाणी, सगळं एका चौकटीत बसलं. त्याने बटण दाबलं. तिसरा रोल, अकरावा फोटो. बावीस वर्षं बादल्या मोजल्या त्या या एका क्षणासाठी, असं त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

ट्रकच्या दारात बसून ड्रायव्हरनेही एक फोटो काढला. त्याने तिथल्या बाजारात एक लाल प्लास्टिकचा कॅमेरा घेतला होता. आकडे नाहीत, चक्र नाही, फक्त एक बटण.

"खेळणं आहे ते," फोकस म्हणाला. "फिल्म फुकट घालवतोस."

"तुझ्या यंत्राला नऊ आकडे लागतात. माझ्याला एक बोट पुरतं."

"काय येणार त्यात?"

"तुझाच काढतोय. म्हणजे फुकट म्हणायला हरकत नाही."

रोलमधले शेवटचे तीन-चार फोटो उरले की फोकस ते गिरणीत परत येऊन संपवायचा. एक रोल महिनाभर पुरवायचा आणि नवा गुरुवारी संध्याकाळीच भरायचा, हा त्याचा नेम. मग खाटेवर बसल्या बसल्या जे समोर असेल ते. बूट. खुंटीवरचा टॉवेल. वाळत घातलेले मोजे. दाढी करताना आरशात स्वतःच. घरात तीस. त्यात त्याचं लक्ष नसायचं. पण स्टोअरचा माणूस, नोंद चुकवायचा नाही. प्रत्येक रोलबरोबर तो छत्तीस ओळींची यादी करायचा. तीन-अकरा: पूल, सकाळ, शेळ्या, ५००. तीन-पस्तीस: माझे मोजे, ३०.

फोटो धुवायची सोय तिकडे नव्हती. रोल आणि यादी एका डबीत घालून तो घरी पाठवायचा. फौजेच्या टपालात डबी उघडली जायची, पुन्हा चिकटवली जायची, वर गोल शिक्का बसायचा: तपासले. घरी बायको ती काकांकडे न्यायची. काका रोल धुवायचे. पहिल्याच पत्रात त्याने तिला बजावलं होतं. एकही फोटो इकडे पाठवू नकोस, टपालात हरवतील. नुसतं कळव, कसे आले.

ती कळवायची. "रोल मिळाला. काकांनी धुतला. आतले फोटो छान आलेत. आरशातला तर फारच. बाकी कळलं. प्रकृतीला जपा."

"बाकी कळलं म्हणजे काय?" त्याने पत्र ड्रायव्हरच्या नाकासमोर धरलं.

"कळलं म्हणजे कळलं."

"छत्तीस फोटो पाठवले मी. त्यातले बत्तीस बाहेरचे. आणि ही मोज्यांचं कौतुक करते."

"तू तिला पूल दाखवलास, ती तुला बघत बसली. नशीबवान आहेस लेका. माझी बायको पत्रात गॅसच्या शेगडीबद्दल लिहिते."

फोकसने पुढच्या पत्रात सरळच विचारलं. तीन-अकराबद्दल लिही. पुलाचा फोटो कसा आला? शेळ्या दिसतात का? उत्तर आलं: "पुलाचं वाचलं. तुम्ही लिहिता किती छान. डोळ्यांसमोर उभं राहतं. काकाही तसंच म्हणाले."

महिन्यातून एकदा फोन मिळायचा. तीन मिनिटं. शेजारी कारकून घड्याळ घेऊन बसलेला, मागे बाकावर दहा जण खोळंबलेले.

"पुलाचा फोटो कसा आलाय?" त्याने विचारलं.

"तुम्ही वेळेवर जेवता ना?"

"जेवतो. पूल. पुलाचा फोटो."

"इकडे सगळे ठीक आहेत."

"अगं, मी पुलाचं विचारतोय."

"ऐकू आलं मला." तिचा आवाज एकदम खाली गेला. "फोनवर नको."

"काय नको?"

"तुम्ही आलात की बोलू. स्वतःला जपा."

दोन मिनिटं उरली होती. ती मुलीच्या परीक्षेच्या बोलण्यात गेली. तो बाहेर आला आणि गिरणीच्या भिंतीवर त्याने एक लाथ घातली. पाय दुखला. बायकोला नजरच नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. काकांचे डोळे गेले, ते तरी काय सांगणार. उभ्या आयुष्यात एक गोष्ट मनासारखी करतोय, आणि बरं की वाईट एवढं सांगायला कोणी नाही.

तेव्हा त्याने एक उद्योग केला. गावातल्या ग्रंथालयाच्या चिटणिसांना पत्र लिहिलं. परत आल्यावर तिकडच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं आहे, खालचा हॉल मिळेल का? चिटणिसांनी उलट टपाली होकार कळवला. तो परतल्यानंतरचा दुसरा शनिवार आणि रविवार. कार्डं आपण छापू, असंही लिहिलं. घरी त्याने हे सांगितलं नाही. घरच्यांना कार्ड हातातच द्यायचं, असं त्याने ठरवलं. उरलेले महिने त्याने दर गुरुवारी हॉलच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून फोटो काढले. दाराशी निळं गाव. मधल्या भिंतीवर पूल, सगळ्यांत मोठा.

*

घरी आल्यावर त्याने आंघोळ केली, चहा घेतला, मुलीची उंची दाराच्या चौकटीला लावून बघितली. मग म्हणाला, "आण."

बायकोने कपाटातून अल्बम काढला. जाड, काळ्या पानांचा, फोटो अडकवायला कागदी कोपरे लावलेला. तिने तो दोन्ही हातांनी त्याच्यासमोर ठेवला आणि मुलीला दुकानात साखर आणायला पाठवलं. साखर घरात होती.

त्याने पहिलं पान उघडलं. पानावर सहा जागा होत्या. प्रत्येक जागेला चार कोपरे, खाली पांढऱ्या शाईत तिचं रेखीव अक्षर. एक-एक: बंदर, दुपार, ५००. एक-दोन: क्रेन आणि पक्षी, ५००. जागा रिकाम्या होत्या. दुसरं पान. सहा ओळी, सहा जागा, एकही फोटो नाही. सहाव्या पानावर शेवटच्या तीन जागांत फोटो होते. त्याचे बूट, खुंटीवरचा टॉवेल, शेजारच्या खाटेवर झोपलेला ड्रायव्हर.

तो पानं उलटत गेला. तीन-अकरा: पूल, सकाळ, शेळ्या, ५००. चार कोपरे. मध्ये काळा कागद.

"फोटो कुठायत?"

तिने उठून दार लोटलं. "ते तुम्हीच सांगायचं. आता घरी आलात. इथे कोणी ऐकत नाही."

"काय सांगायचं?"

"असेल ते. मी तेरा महिने कोणाला बोलले नाही. आईंनासुद्धा नाही."

"कशाबद्दल?"

"झाकणाबद्दल."

मग तिने सगळं सांगितलं. पहिला रोल धुतला तेव्हा बाहेरच्या एकाही फोटोत काही आलं नव्हतं. फिल्म कोरी, काचेसारखी. काका म्हणाले, लेन्सवर झाकण राहिलं, पोरगा विसरला. दुसऱ्या रोलला तेच. तिसऱ्याला तेच. आतले सगळे लख्ख, बाहेरचे सगळे कोरे. तेव्हा काका खुर्चीत बसले आणि त्यांनी विचार केला. एखाद्या वेळी विसरतं माणूस. पण बाहेर गेलं की दरवेळी विसरतं आणि खोलीत आलं की दरवेळी आठवतं, असं विसरणं असतं का? हा हुकूम आहे.

"कसला हुकूम?"

"की बाहेर फोटो काढायचा तो झाकण लावूनच."

"मग काढायचाच कशाला?"

"हे मीही विचारलं. काका म्हणाले, फौजेत कशाला असं विचारत नाहीत."

"आणि यादी? मी प्रत्येक ओळ लिहून पाठवत होतो."

"काका म्हणाले, बघायला मिळालं ते निदान लिहून तरी पाठवतोय. खरे फोटो फौज वेगळ्या कॅमेऱ्याने काढून ठेवत असेल, नंतर देतील. म्हणून मी जागा सोडल्या."

तो उठला, ट्रंक उघडली, तळातून घडीचा कागद काढून तिच्यासमोर टाकला. मोठ्या साहेबांची सही, शिक्का. तिने तो दोनदा वाचला.

"हे मला का नाही कळवलंत?"

"परवानगी आहे हे काय कळवायचं?"

"मला काय माहीत, असते की नसते?"

"एक ओळ लिहायची होतीस," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण तिला तो चढलेला बरा वाटला असता. "बाहेरचे आले नाहीत. तीन शब्द."

"आणि ते त्यांनी वाचले असते म्हणजे?"

"कोणी?"

तिने अल्बमच्या मागच्या खिशातून रोलच्या डब्यांची वेष्टणं काढली. चौदा. तिने तीही जपून ठेवली होती. प्रत्येकावर गोल शिक्का. तपासले.

"तुमच्यावर काही आलं असतं तर?" ती म्हणाली. "मला पूल हवा होता की तुम्ही?"

त्याने एक वेष्टण उचलून शिक्का बघितला. तेवढ्यात मुलगी साखर घेऊन आली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॅमेरा घेऊन स्टुडिओत गेला. बायको न सांगता मागोमाग आली. काकांनी सगळं ऐकून घेतलं. परवानगीचा कागद नाकाजवळ नेऊन वाचला. त्यांचा चेहरा हळूहळू उतरला.

"झाकण लावलं नव्हतंस?"

"झाकण पहिल्याच दिवशी ट्रंकेत टाकलं मी. तिथेच आहे अजून."

काकांनी कॅमेरा हातात घेतला. मग त्यांनी कॅमेऱ्याचं मागचं दार उघडलं आणि समोर दिवा लावला.

"सूनबाई, इकडे ये. माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही. इथून मागून बघ. पडदा उघडला की उजेड चमकेल. मी दाबतो, तू सांग."

कॅमेऱ्यात कापडाचे दोन पडदे असतात. पहिला सरकतो, दोघांत फट पडते, फटीतून उजेड फिल्मवर जातो. दुसरा मागून येऊन फट मिटवतो. वेग जितका जास्त, तितकी फट चिंचोळी.

काकांनी चक्र तीसवर ठेवलं. खट.

"दिसला?"

"दिसला."

साठ. खट. "दिसला." एकशे पंचवीस. खट. "दिसला." अडीचशे. खट. ती थबकली. "अर्धाच दिसला. एका बाजूने."

काकांनी पाचशेवर आणलं. खट.

"दिसला?"

"नाही."

"पापणी लवली असेल. पुन्हा."

खट. "नाही."

फोकसने तिला बाजूला केलं आणि स्वतः डोळा लावला. "दाबा."

खट. आवाज स्वच्छ, खणखणीत. आत अंधार होता. मागचा पडदा धावत येऊन पुढच्याला गाठत होता. फट पडतच नव्हती. तेरा महिने दर गुरुवारी त्याने हा आवाज ऐकला होता, आणि प्रत्येक वेळी त्याला तो फार आवडला होता.

"मला कसं नाही कळलं?" काका स्वतःशीच म्हणाले. "चाळीस वर्षं."

"पाचशेवर कधी काढलात तुम्ही याच्यावर?"

काकांनी आठवून पाहिलं. "बाहेरच्या कामाला दुसरा कॅमेरा होता. हा इथलाच. इथे दिवे असतात. साठच्या वर मी कधी गेलोच नाही."

"मग उन्हात पाचशे कोणी सांगितलं?"

"माझ्या उस्तादांनी. खोटं नाही ते. नियम बरोबरच आहे."

नियम बरोबर होता. कॅमेरा जुना होता, त्यात त्याची काय चूक. काका खोटं बोलले नव्हते. बायको खोटं बोलली नव्हती. टपालवाल्यांनी शिक्का मारला, ते त्यांचं कामच होतं. फोकसने एकेकाला मनात समोर उभं केलं आणि एकेकाला सोडून द्यावं लागलं. राग पोटात होता, आणि तो ठेवायला कुठे जागा नव्हती.

"साठवर चाललं असतं," काका पुटपुटले. "लेन्सचं भोक बारीक केलं असतं की झालं. सगळे आले असते."

"काका," बायको म्हणाली, "आता नका सांगू."

तो उठला आणि थेट ग्रंथालयात गेला. चिटणीस टेबलावर कार्डांचा गठ्ठा ठेवून बसले होते. निळ्या शाईत छापलेली, त्याच्या हुद्द्यासकट.

"या, या. शंभर छापलीत. तीस वाटूनही झाली."

"प्रदर्शन रद्द करायचंय."

"का बरं?"

"फोटो आले नाहीत."

"टपालात आहेत का अजून? तारीख पुढे ढकलू की."

"नाही. आलेच नाहीत."

चिटणिसांना ते समजलं नाही. त्याने समजावून सांगितलं. पडदा, फट, पाचशे. ते लक्ष देऊन ऐकत होते आणि मान डोलावत होते.

"म्हणजे झाकण राहिलं," शेवटी ते म्हणाले. "होतं असं. आमच्या मेहुण्यांचंही झालं होतं."

फोकसने मान हलवली. सत्तर कार्डं घेऊन तो घरी आला. त्या आठवड्यात रस्त्यात त्याला निदान दहा जणांनी झाकणाबद्दल विचारलं. पहिल्या तिघांना त्याने पडद्याचं सांगितलं. मग सोडून दिलं. चौथ्यापासून तो म्हणू लागला, "हो, राहिलं."

काका त्या आठवड्यात एकदा घरी आले. आतले फोटो त्यांनी मोजले होते. "सत्तेचाळीस आहेत. चांगले आहेत रे. तेच लावू."

"टॉवेल लावू हॉलमध्ये? लोक बघायला येतील, परदेशातला टॉवेल."

"आरशातला लाव. तो फार चांगला आहे."

"तो मी रोल संपवायला काढला, काका. मी बघतसुद्धा नव्हतो."

"म्हणूनच असेल," बायको आतून म्हणाली.

*

ज्या शनिवारी प्रदर्शन व्हायचं, त्या सकाळी पोस्टमन एक जाड पाकीट देऊन गेला. ड्रायव्हरचं. तो रजेवर त्याच्या गावी होता. आत तीस-चाळीस फोटो आणि एक चिठ्ठी. "फोकस, फिल्म फुकट घालवतो म्हणायचास. घे, फुकट."

त्याने फोटो जमिनीवर मांडले. रंग जरा उडालेले, कडा धूसर. पण सगळे आले होते. लाल खेळण्याला एकच वेग होता, आणि तो चालत होता. निळं गाव होतं. शाळा होती. चामडी होती. आणि प्रत्येक फोटोत, बरोबर मधोमध, तो स्वतः होता. पाठमोरा. वाकलेला, गुडघ्यांवर बसलेला, एकात पोटावर पालथा. निळ्या गावातलं एक दार त्याच्या डोक्याने झाकलेलं. फळा त्याच्या खांद्याने. कुठे नुसतं बूड आणि त्याच्या दोन्ही बाजूंना परदेश.

शेवटून चौथा पुलाचा होता.

बायको शेजारी येऊन बसली. "हाच का तो?"

"हाच."

"कमान कुठंय?"

"माझ्या पलीकडे."

"आणि शेळ्या?"

त्याने बोट ठेवलं. त्याच्या डाव्या कोपराच्या बाजूला दोन शेळ्या होत्या. बाकीच्या त्याच्या पाठीमागे गेल्या होत्या. कमानीचं एक टोक त्याच्या टोपीवरून निघालं होतं. त्याने अंगठ्याने फोटोतल्या आपल्या पाठीला किंचित ढकललं, काचेवरची माशी ढकलावी तसं.

"सरा ना बाजूला," ती म्हणाली, आणि तेरा महिन्यांचं हसू एकदम तिला फुटलं. ती तोंडावर पदर धरून हसत राहिली. त्याला हसू आलं नाही. पण तिला थांब म्हणावंसंही वाटलं नाही.

दुपारी तो फोटो घेऊन काकांकडे गेला. "यातून मला काढता येईल?"

काकांनी भिंगाखाली धरून बघितलं. "येईल. उरेल काय?"

"सांगा."

"दोन शेळ्या. थोडं आभाळ. आणि पुलाची शेपटी." त्यांनी फोटो परत दिला. "कापू?"

"नको."

घरी येऊन त्याने अल्बम उघडला. तीन-अकरा. ड्रायव्हरचा फोटो कोपऱ्यांत बसेना. तो थोडा मोठा होता. त्याने चाकूच्या टोकाने दोन कोपरे अलगद सोडवले आणि बाहेर सरकवून पुन्हा चिकटवले. फोटो बसला. खाली तिची ओळ होती: पूल, सकाळ, शेळ्या, ५००. त्याने आकडा खोडायला पेन उघडलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही पाचशेवरच काढला होता ना?"

"हो."

"मग?"

त्याने पेन बंद केलं आणि शेजारच्या जागेकडे बघितलं. तीन-बारा: पुलावरून खाली दिसणारं पाणी, दगडांचे रंग, ५००. त्याने पाकिटातले सगळे फोटो पुन्हा एकदा चाळले. हा ड्रायव्हरकडे नव्हता. तो फोटो काढताना फोकस कठडा नसलेल्या बाजूने पुलावर एकटाच गेला होता, आणि ड्रायव्हर ट्रकमध्ये बसून हॉर्न वाजवत होता.